शिंगाळ्यावरचा जाळ

आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. मी तिथे होते.

माझं नाव मंजुळा. जन्म घिवलीचा, कोळ्याच्या घरातला. लग्न चिंचणीला झालं आणि म्हातारपण पुन्हा घिवलीतच आलं, बापाच्या घरात. डोळे अधू झालेत, म्हणून मी सांगते आणि नात लिहून घेते. ती बोईसरला शाळेत शिकवते. शुद्धलेखन चुकलं तर तिला धरा. खोटं वाटलं तर मला धरा.

साल १९६६. कार्तिक अमावस्येची संध्याकाळ. जागा घिवलीचीच, आमचं झावळ्यांनी शाकारलेलं घर.

त्या संध्याकाळी माझा आंधळा बाप दारात उभा होता. तोंड डोंगराकडे.  मग हळूच म्हणाला…

"जाळ इजला. ती निगाली."

आता हे तुम्हाला कळायचं तर आधी डोंगराबद्दल सांगायला हवं.

समुद्रावरच्या माणसाचा डोंगराशी काय संबंध, असं सगळ्यांना वाटतं. पण होडी आत गेली की पाणी चहूकडे सारखंच. पाणी कोणाला वाट दाखवत नाही. वाट दाखवतो डोंगर.

बोईसरच्या पलीकडे, उगवतीला, दोन शेंड्यांचा एक डोंगर आहे. नकाशात त्याचं नाव काय ते मला माहीत नाही. आमचे लोक त्याला शिंगाळ्या म्हणायचे. आमच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडक आहेत. भरतीला ते दिसत नाहीत आणि होडी फोडतात. त्यातून आत यायला एकच वाट. ती सापडायची एका खुणेवर. किनाऱ्यावरच्या देवळाचा झेंडा शिंगाळ्याच्या दोन शिंगांच्या बरोबर मधे आला की होडी सरळ धरायची. झेंडा डावीकडे सरकला तर मेलात. उजवीकडे सरकला तरी मेलातच.

माझा बा, नवशा तांडेल, होडीचा म्होरक्या, जन्मभर त्या खुणेवर घरी आला.

आणि त्या डोंगरावर त्याने कधी पाय ठेवला नाही.

आमच्यात तशी रीतच होती. ज्याच्या खुणेवर पोट भरतो, त्याला पायाखाली घ्यायचं नाही. घरातले पुरुष लाकूडफाट्यालाही तिकडे फिरकत नसत. बायकांना मात्र ही रीत लागू नव्हती. रीत करणारे हुशार असणार. बायकांना अडवलं तर सुकी मासळी विकणार कोण?

माझी आय, जमना, डोक्यावर पाटी घेऊन थेट शिंगाळ्यापर्यंत जायची. पाटीत वाळवलेले बोंबील, सुकट. रेल्वेचं फाटक ओलांडायचं, मग शेतं, मग नदी, मग चढ. डोंगराच्या खांद्यावर वारल्यांचा एक पाडा होता. तिथे ठमी नावाची तिची मैत्रीण. मासळीच्या बदल्यात भात मिळायचा, नागली मिळायची, कधी मध. रात्रीचा मुक्काम ठमीच्या घरी.

म्हणजे बाने तो डोंगर फक्त लांबून बघितलेला. आयने फक्त जवळून. जेवायला बसले की दोघं त्याच्यावरून भांडायचे.

"निळा हाय डोंगर," बा म्हणायचा.

"तुमी कदी गेलाव का तितं? म्हनं निळा! मातीचा रंग हाय त्याचा."

"माती पायाखाली असते गो. डोंगर लांबनंच बघायचा असतो."

दोघांनीही कधी हार मानली नाही.

त्यांच्यात एक ठरलेलं होतं. आय पाड्यावर पोचली की दिवस मावळताना खांद्यावरच्या कातळावर जाळ करायची. म्हणजे 'पोचले'. बा तेव्हा पाण्यात असायचा. जाळ दिसला की तो होडीतला कंदील उचलून वर धरायचा. म्हणजे 'दिसलीस'. वरून कंदील दिसतो असं आय शपथेवर सांगायची. मग दोघंही निवांत जेवायचे, ती डोंगरावर, तो दर्यात.

एकदा उत्तर गेलं नाही.

मी लहान होते तेव्हा. लाटेने कंदील पाण्यात नेला. आयने वर जाळ केला, वाट बघितली, आणि जाळ विझवून तशीच खाली निघाली. पहाटे होडी लागली तेव्हा ती किनाऱ्यावर उभी. पायांची सालं निघालेली. बा सुखरूप आहे हे बघितलं आणि डोक्यावरची चुंबळ काढून सगळ्या गावासमोर त्याच्या पाठीत हाणली. चुंबळ म्हणजे पाटीखाली ठेवायची कापडाची गुंडाळी. ती काय लागणार? पण बा ओशाळला.

"कंदील दिसला नाय तर मी खाली येनार," आय म्हणाली. "ध्यानात ठेवा."

पुढे किती वर्षं गावात या वाक्याची थट्टा चालली. कोणाची बायको माहेरी गेली की पुरुष एकमेकांना विचारायचे, "कंदील वर केलास का रं?"

मीही हसायचे.

मग दोघं म्हातारी झाली. बाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि होडी सुटली. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला न्या, ऑपरेशन करू. बा हलायला तयार नाही.

"डोळं कशाला? ती सांगते न्हवं मला."

आणि ती खरंच सांगायची. रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायची, डोंगराकडे तोंड करून.

"आज दोनी शिंगं मोकळी हायत. डाव्या अंगाला ढग बसलाय."

"ढग नसंल. धूर असंल."

"डोळं कोनाला हायत? मला का तुमाला?"

बा हसायचा. आयुष्यभराचं भांडण तो असं रोज थोडं थोडं हरत होता आणि त्याला ते आवडत होतं.

आय अजूनही पाटी घेऊन जायची. फेऱ्या कमी झालेल्या, पण जायची. वर जाळ करायची. बाला तो दिसत नसे. पण अंगावरचं ऊन गेलं की तो कंदील पेटवायला लावायचा आणि दारात उभा राहून वर धरायचा. न दिसणाऱ्या जाळाला उत्तर द्यायचा. लोक बघून तोंड फिरवून हसत. मला मात्र रडू यायचं.

१९६६च्या श्रावणात आय गेली.

पाड्यावरच होती. पाऊस लागला, नदी चढली, वाट बंद झाली. तिला ताप भरला. ठमीने होतं नव्हतं ते सगळं केलं, पण आय राहिली नाही. खालची जागा पाण्यात होती, म्हणून पाड्यावरच्या लोकांनी तिला वर कातळावर नेलं. जिथे ती जाळ करायची, तिथेच तिला अग्नी दिला.

पाणी उतरलं तेव्हा आम्हाला निरोप आला.

बाने तिचं तोंड बघितलं नाही. त्याच्या हातून अग्नी झाला नाही. डोंगरावर पाय ठेवायचा नाही, म्हणून तो राखेलाही गेला नाही. माझा नवरा जानू गेला आणि राख घेऊन आला. बरोबर ठमीने आयची पाटी पाठवली. चुंबळ पाठवली नाही. ठमीने सांगितलं होतं, "ती तिच्या डोक्याखाली ठेवली. पाटी नाय तर निदान चुंबळ तरी जाऊ दे तिच्यासंगं." हिरवी चुंबळ होती, लाल काठाची. आयच्या जुन्या लुगड्यातली.

पाटी मी खुंटीला टांगली.

मी आणि जानू घिवलीला बाजवळ राहायला आलो. तसं आम्ही त्यालाच चिंचणीला बोलावलं होतं.

"तितनं शिंगाळ्या दिसत नाय," बा म्हणाला. "माडांच्या मागं ऱ्हातो."

आंधळ्या माणसाचं हे कारण! जानूने कपाळाला हात लावला. पण सासऱ्यापुढे तो कधी जास्त बोलत नसे. घिवलीच्या बाजूलाच तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालेलं, जानूला तिथे काम लागलं. रात्रभर विजेचे दिवे जळायचे. आमच्या गावाने एवढा उजेड कधी बघितला नव्हता. म्हाताऱ्या बायका कौतुकाने बघायला जायच्या.

बाला त्यातला एकही दिवा दिसत नव्हता.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी मी दारात मासे साफ करत होते. बा ओट्यावर बसलेला. एकदम उठला. भिंतीचा आधार न घेता उठला…

आणि म्हणाला, "मंजुळा, कंदील आन. जाळ दिसला."

मी डोंगराकडे बघितलं. दोन शिंगं, काळी पडत चाललेली. खांद्यावर काही नव्हतं.

"बा, जाळ नाय तितं. आन् तुला कुटं दिसतंय?"

"ती व्हती तवा दिसत नव्हता," बा शांतपणे म्हणाला. "आता दिसतो."

माझ्या हातातला मासा विळीवर तसाच राहिला.

मी कंदील पेटवून दिला. काय करणार? त्याने वर धरला. चेहरा असा झाला, की श्रावणापासून पहिल्यांदा मी माझा बाप बघितला.

मग रोजच. दिवस मावळला की बा उठायचा, बोट डोंगराकडे करायचा. बोट बरोबर खांद्यावर. इकडेतिकडे नाही. मी डोळे ताणून बघायचे, मला काळोख दिसायचा.

जानू म्हणाला, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

मी म्हटलं, "फिरू दे. जेवतोय तरी."

खरंच जेवत होता. मला तेवढंच हवं होतं. आय हातची गेली, बा तरी राहावा. दुसरं काही मागणं नव्हतं माझं देवाकडे.

मग एक दिवस कंदील कलंडला. तेल सांडलं, ओट्यावरच्या सुक्या जाळ्याने पेट घेतला, ज्वाळा वळचणीच्या झावळ्यांना लागल्या. शेजारी धावले म्हणून घर वाचलं. जानूने दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील सायकलला बांधला आणि चिंचणीला भावाकडे ठेवून आला.

"आंधळ्याला कंदील कशाला?" तो म्हणाला.

त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? घर जळता जळता वाचलेलं. घरात रॉकेलची चिमणी होती, ती मी फडताळात वर ठेवून दिली.

तो दिवस अमावस्येचा.

संध्याकाळी बा उठला. हात पुढे केला. "कंदील."

"कंदील चिंचणीला नेलाय बा. आग लागली व्हती ना काल?"

त्याने मूठ मिटली. रिकामा हात वर धरून उभा राहिला. एवढा मोठा तांडेल माणूस, रिकामी मूठ वर धरून. मला बघवेना. मी आत गेले.

बाहेर उधाणाचा समुद्र होता. नेहमी घरात पाण्याचा आवाज घुमायचा…

त्या संध्याकाळी आवाज थांबला.

मी बाहेर आले. घराच्या मागे लाटा फुटताना दिसत होत्या. आवाज नव्हता. तेव्हाच बा म्हणाला ते.

"जाळ इजला. ती निगाली."

जानू कामावरून आला, आम्ही जेवलो. बा जेवला नाही. त्याने अंघोळीला पाणी मागितलं. धुतलेलं धोतर नेसला. काठी उशाशी घेऊन आडवा झाला.

"बा, कुटं जायचंय का?"

"मी कुटं जातो? ती येतेय."

मी दाराला कडी घातली. वर अडसर लावला. त्याच्या आणि दाराच्या मधे अंथरूण टाकून झोपले.

पहाटे जाग आली ती वासाने. सुक्या बोंबलांचा वास आमच्या घरात नवा नाही. पण त्यात ओल्या लाकडाच्या धुराचा वास मिसळला होता. आय डोंगरावरून परत आली की तिच्या अंगाला यायचा तसा.

मग दाराबाहेर, पायरीवर…

धप्प.

पाटी खाली ठेवल्याचा आवाज. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. आय आली, हे आम्हाला त्या आवाजावरून कळायचं. आमचा कुत्रा पानाच्या सळसळीवर भुंकणारा. तो भुंकला नाही. शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

बा हळू आवाजात बोलत होता.

"व्हय… व्हय गो… दिसत व्हता. कंदीलच नव्हता तर काय वर करू?"

मधे थांबायचा. जसं कोणी उत्तर देत असावं.

"येतो. काठी घेऊ?"

मला उठायचं होतं. देवाशपथ सांगते, मला उठायचं होतं. पण हातपाय माझे नव्हतेच जणू. डोळ्यांवर गुंगी आली.

जागी झाले तेव्हा उजाडलं होतं. दार उघडं. अडसर भिंतीला नीट टेकवून ठेवलेला. आय ठेवायची तसा, उभा. बा आणि जानू दोघंही कधी असा ठेवत नसत.

बाचं अंथरूण रिकामं.

खुंटीवर पाटी नव्हती.

मी ओरडत बाहेर पळाले. दारापासून रस्त्यापर्यंत ओल्या वाळूत बाची पावलं उमटलेली. आंधळा माणूस काठी टेकत चालतो, पावलांशेजारी काठीची भोकं पडतात. रोज पडायची.

त्या पावलांशेजारी एकही भोक नव्हतं.

जानूने सायकल काढली. मी मागे बसले. रस्त्यावर दमयंतीबाईंची वाडी लागते. त्या फुलं तोडत होत्या. म्हणाल्या, "नवशाकाका ना? गेले की पहाटे. मी हाक मारली, त्यांनी ऐकलं नाही. हसत चालले होते गं. खूप दिवसांनी हसताना बघितले."

"एकटेच?"

त्यांनी जरा विचार केला. "एकटेच. पण मी त्यांना वाट द्यायला बाजूला झाले, तेव्हा दोन माणसांची जागा का सोडली, तेच मला कळलं नाही."

रेल्वे फाटकावर एक उत्तरेकडचा भय्या होता. जानूने त्याला विचारलं.

"बुड्ढा बाबा? हाँ, गया. सिर पे टोकरी थी," तो म्हणाला. मग त्याने हातातली झेंड्याची काठी आमच्यासमोर आडवी धरली. एक टोक त्याच्या मुठीत, दुसरं हवेत, पुढे. "लकड़ी ऐसे पकड़ा था. जैसे आगे से कोई खींच रहा हो. आगे कोई था नहीं."

जानूचा चेहरा उतरला. तो जोरात सायकल मारू लागला.

नदीला पाणी कमी होतं. पलीकडे सायकल ठेवली आणि चढायला लागलो. पायथ्याशी जानू थबकला. तोही कोळ्याचाच. राखेला आला होता तेव्हा चपला काढून, माफी मागून चढला होता. आताही त्याने तेच केलं.

पाड्यावर ठमी दारातच बसलेली. मला बघून उठली.

"आला ना तो. मला वाटलं तूच घेऊन आलीस. म्या भाकर देत व्हती, नको म्हनला. सरळ वर गेला. आमी डोळंवाली मानसं त्या वाटेवर ठेचाळतो. तो नाय ठेचाळला."

"ठमीमावशी, वर कोन जाळ करतं का रोज?"

 "तुज्या आयला नेली तवापासून तितं कोन जात नाय."

बा कातळावर बसला होता. पाठ दगडाला टेकलेली, तोंड समुद्राकडे. जिवंत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्याला मिठी मारली आणि तोंडाला येईल ते बोलले, रागावलेसुद्धा.

त्याच्या शेजारी पाटी होती. पाटीत चुंबळ होती…

हिरवी. लाल काठाची.

ठमी माझ्या मागे उभी होती. तिने ती बघितली आणि तिथून पळाली. तिनेच ती चितेवर ठेवली होती.

कातळावर राख होती. मी हात लावला. कोमट होती.

"बा, चल घरी. तुला उचलून नेतो आमी."

"आता कुटं?" तो म्हणाला. "पाय ठेवला मी याच्यावर. आता हा डोंगर माज्या कामाचा नाय. दर्यात गेलो तर वाट नाय दावायचा."

"दर्यात कोन जातंय आता? घरी बस नुसता. माज्यासाटी बस."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुजी आय खरं सांगत व्हती गो. मातीचाच रंग हाय."

मी रडत होते. जानू डोलीसाठी माणसं बघायला पाड्यावर उतरला. दिवस कलला. खाली सगळं पसरलेलं होतं. शेतं, रेल्वेची रेघ, माड, आणि कडेला चमकणारं पाणी. आमचं घर कुठलं ते मला ओळखू येत नव्हतं.

बा त्या पांढऱ्या बुबुळांनी बघत होता.

"आपलं घर दिसतं हितनं. दार उगडं हाय."

मी तिकडे बघितलं, मला नुसते माड दिसले.

"दारात बाई उबी हाय. केस पार पिकल्यात तिचं. कंदील हाय हातात."

त्याने मान पुढे काढली. कपाळाला आठ्या पडल्या.

"वर का करीत नाय ती?"

मला वाटलं, आयबद्दल बोलतोय. मला वाटलं, आय तिथे घरी जाऊन उभी आहे आणि हा इथे. मी त्याचा हात घट्ट धरला. सूर्य पाण्याला टेकला. तो आत गेला तेव्हा बाचा हात माझ्या हातात होता, पण बा नव्हता.

त्याला आम्ही तिथेच अग्नी दिला. त्याच कातळावर. चुंबळ मी पुन्हा ठेवली, दोघांची म्हणून. पाटीही ठेवली.

डोळ्यांसमोर जळालं सगळं.

या गोष्टीला आता साठ वर्षं होत आली. घर पक्कं झालं, पण दार अजून तिथेच आहे, डोंगराकडे. जानू गेला. मुलं त्यांच्या संसारात. नात रविवारी येते. बाकी दिवस मी आणि भिंती. कोणाशी भांडायचं म्हटलं तर माणूस नाही. बा आणि आय डोंगराच्या रंगावरून भांडायचे, ते ऐकायला मिळावं म्हणून आज मी काहीही देईन.

आता जे सांगते ते मी नातीलाही सांगितलं नव्हतं. लिहिता लिहिता तिला कळतंय.

माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. डावा डोळा पूर्ण गेला, उजवा जाईल. बोईसरचे डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे. नातीने तारीख घेतली. मी पुढे ढकलली. पुन्हा घेतली, पुन्हा ढकलली. ती चिडते. म्हातारी घाबरते, असं तिला वाटतं.

गेल्या दिवाळीपासून मला संध्याकाळी काही दिसत नाही. रस्त्याचे दिवे नाहीत, केंद्राचे दिवे नाहीत, शेजाऱ्यांच्या खिडक्या नाहीत. सगळा गढूळ काळोख…

आणि त्यात एक जाळ.

लांब, उंचावर, स्वच्छ. आणि त्याला लागून दुसरा.

ऑपरेशन केलं तर ते दिसायचे बंद होतील. म्हणून मी तारीख ढकलते. हे खरं कारण आहे.

बाचा कंदील मी चिंचणीहून परत आणला होता. माळ्यावर पडून होता. परवा शेजारच्या मुलीकडून काढून घेतला. आज, नात यायच्या आधी, दिवस मावळताना पेटवला. दारात उभी राहिले. वाऱ्याने केस तोंडावर आले, ते मागे सारले, आणि हातात बट आली. पांढरीच असणार, मला दिसो न दिसो.

तेव्हा मला बाचे शब्द आठवले.

ती आय नव्हती.

कंदील माझ्या हातात होता. वर करायचा होता फक्त. पण वर केला तर मला दिसतंय हे त्यांना कळणार, आणि मग रोज वर करावा लागणार. आणि नाही केला तर काय होतं, हे मला माहीत आहे. बाची काठी कोणी धरली होती ते मी बघितलं नाही, पण भय्याने दाखवलेली ती आडवी काठी साठ वर्षांत डोळ्यांपुढून हललेली नाही.

भीती वाटते. आय माझीच आहे, बा माझाच आहे, तरी वाटते.

मी कंदील वर केला नाही. नुसती उभी राहिले, बाने सांगितली होती तशीच.

बऱ्याच वेळाने एक जाळ विझला. मग दुसरा.

मागे समुद्र होता. त्याचा आवाज येत नव्हता.

नात विचारते आहे, आज्जी, मग तू काय केलंस? काय करणार? आत आले. कंदील मालवला. दार लोटून घेतलं.

कडी मात्र लावली नाही.